बुलेटचं चिखलातलं कूळ

करंज्याच्या धक्क्याला रेवसची लाँच लागली की माणसांबरोबर मोटारसायकलीही चढतात. पुढचं चाक आत जातं, मग मागून दोघांचा रेटा. जुनी बुलेट असेल तर तिसरा हातही लागतो. मागचं चाक कडेवरून उतरतं, दोन्ही शॉकअप दबतात आणि गाडी झुलून स्थिर होते. रोजचंच दृश्य, त्यामुळे कुणी निरखून पाहत नाही. पण बुलेटचं कूळ त्याच दोन शॉकअपमध्ये आहे. ते डांबरी रस्त्यावरचं नाही, चिखल आणि दगडधोंड्यांतलं आहे. जुन्या शर्यतीतल्या बुलेटची प्रतिकृती बांधायला निघालेल्या माणसाने पाना हातात घेण्याआधी हे कूळ वाचावं.

सुरुवात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात होते. शिपली इथे आल्फ्रेड अँगस स्कॉट यांचा मोटारसायकलींचा कारखाना होता. 1914 मध्ये त्यांनी आपल्या कामगारांसाठी माळरान, ओढे आणि खडकांतून जाणारी एक स्पर्धा ठेवली. तीच ‘स्कॉट ट्रायल’. दक्षिणेतल्या कँबर्ली गावच्या क्लबला तशीच स्पर्धा हवी होती, पण तिथे फक्त वेगाला महत्त्व द्यायचं होतं. वरिष्ठ संघटनेने तिला ‘ट्रायल’ म्हणायला नकार दिला, म्हणून 1924 मध्ये ती ‘स्क्रँबल’ या नावाने झाली. स्क्रँबल म्हणजे धडपडत, चारी हातापायांनी चढणं. पुढे याच खेळाला ‘मोटोक्रॉस’ हे नाव पडलं. ट्रायल मात्र वेगळीच राहिली. तिथे घाई नसते, तोल असतो. खडकावर पाय टेकला की दंडाचा गुण बसतो.

इंग्लंडमधल्याच रेडिच इथल्या रॉयल एनफिल्ड कंपनीने 1930च्या दशकातच आपल्या गाडीला ‘बुलेट’ हे नाव दिलं होतं. आपल्या ओळखीची बुलेट मात्र 1948 मध्ये जन्मली आणि तीही शर्यतीत. त्या काळी बहुतेक ट्रायल गाड्यांचं मागचं चाक चासीला घट्ट जखडलेलं असे. मागे स्प्रिंग आली की चाकाची जमिनीवरची पकड सुटते, असा जाणत्यांचा ठाम समज होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला कोलमोर कप ट्रायलमध्ये एनफिल्डने मागे झुलता स्विंग आर्म, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चिमटा, आणि दोन शॉकअप लावलेल्या नमुना गाड्या उतरवल्या. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमो इथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात चार्ली रॉजर्स आणि व्हिक ब्रिटन बुलेटवर होते आणि दोघांनी सुवर्णपदकं मिळवली. झुलणारं चाक दगडावरून उडत नाही, उलट दगडाला धरून राहतं, हे सिद्ध झालं. 1949 मध्ये ती गाडी विक्रीला आली. व्हिक यांचा मुलगा जॉनी पुढे एनफिल्डचा स्वार झाला. एचएनपी 331 या नंबरच्या बुलेटसह त्याचं नाव ट्रायलच्या इतिहासात कोरलं गेलं. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल त्याने 1952 आणि 1957 अशी दोनदा जिंकली.

आता ‘रेप्लिका’ या शब्दाकडे येऊ. त्याचा अर्थ बनावट माल असा घेतला जातो, पण शब्दाचा मूळ मान मोठा आहे. कलेच्या जगात चित्रकाराने आपल्याच चित्राची स्वतः काढलेली दुसरी प्रत म्हणजे रेप्लिका. मोटारसायकलींच्या जगात तो आला आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतींतून. विजेत्याची ट्रॉफी एकच, पण त्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांच्या आत पोचणाऱ्या प्रत्येक स्वाराला तिची छोटी प्रतिकृती मिळे. तिचं नावच रेप्लिका. विजेत्याच्या इतकं जवळ पोचल्याची ती खूण होती. मग कारखान्यांनी हा शब्द उचलला. 1928च्या टीटीत स्कॉट गाडी तिसरी आली आणि पुढच्या वर्षी स्कॉटने ‘टीटी रेप्लिका’ विकायला काढली. 1950च्या दशकाच्या अखेरीस एनफिल्डनेही जॉनी ब्रिटनच्या गाडीवरून ‘वर्क्स रेप्लिका’ ट्रायल बुलेट काढली. म्हणजे प्रतिकृती आधी पारितोषिक होती, मग विक्रीचा माल झाली आणि शेवटी घरच्या गॅरेजमधली साधना.

ही साधना आपल्याकडे करण्याला खास अर्थ आहे. स्वातंत्र्यानंतर लष्कराने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी 350 सीसी बुलेट निवडली, 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि 1967 मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला, तरी मद्रासची बुलेट धावतच राहिली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली बिडाच्या इंजिनाची बुलेट जॉनी ब्रिटनच्या गाडीच्या सख्ख्या नात्यातली आहे. तिचा सिलिंडर 70 मिलिमीटर रुंद, स्ट्रोक 90 मिलिमीटर. या लांब स्ट्रोकमुळे आणि जड फ्लायव्हीलमुळे ती अगदी सावकाश, एकेक ठोका मोजत चढ चढते. ट्रायलला हेच हवं असतं. 2019 मध्ये कंपनीने स्वतःच ‘बुलेट ट्रायल्स’ बाजारात आणून या नात्याची आठवण करून दिली.

बांधणीत प्रत्येक बदलामागे एक कारण आहे. ते कारण हाताला कळलं नाही तर गाडी नुसती देखणी होते. पुढचं चाक 19 इंचांऐवजी 21 इंची, कारण मोठं चाक दगडावर सहज चढतं. मडगार्ड टायरपासून उंच, म्हणजे चिखल अडकून चाक जाम होत नाही. सायलेन्सर वर उचललेला, खडक आणि पाणी त्याच्याखालून जावं म्हणून. फूटरेस्ट मागे सरकवलेले आणि सीट आखूड, कारण स्वार बसत नाही, उभा राहतो. बुलेटचं मागचं स्प्रॉकेट ब्रेकड्रमसह एकसंध असतं. त्यामुळे गिअरबॉक्सवरचंच स्प्रॉकेट कमी दातांचं लावणं सोपं. वेग घटतो, ओढ वाढते. सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार आणि कुर्ल्याची भंगाराची दुकानं पालथी घालावी लागतात. जे मिळत नाही ते लेथवर कातून घ्यावं लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवला तर ओतकाम करून देणारे हात अजून आहेत. करंज्यासारख्या ठिकाणी आणखी एक वैरी असतो, खारी हवा. स्पोक, रिम, नटबोल्ट यांना ती महिन्याभरात तांबूस करते. ग्रीसमध्ये कुचराई चालत नाही.

दोन पथ्यं मात्र पाळलीच पाहिजेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी फेरफार केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. म्हणून ट्रायल बुलेट खाजगी माळावर किंवा स्पर्धेच्या आवारातच चालवावी आणि उतरवलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा.

दुसरं पथ्य नावाचं. मासेमारी बंदीच्या दिवसांत करंज्याला होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी होते. फळ्या बदलतात, रंग बदलतो, होडीचं नाव तेच राहतं, कारण होडी तीच आहे. प्रतिकृतीचं याच्या अगदी उलट असतं. तिचा आकार दुसऱ्या गाडीचा, पण आयुष्य तिचं स्वतःचं. म्हणून जॉनी ब्रिटनच्या बुलेटचं हँडल हुबेहूब घडवावं, सायलेन्सरचा बाक तसाच घ्यावा, टाकीवरची रंगाची रेघसुद्धा तशीच ओढावी. एचएनपी 331 ही पाटी मात्र लावू नये. ती त्याने खडकांवर कमावली. आपल्या गाडीवर आपल्या पासिंगचाच नंबर असावा, आणि तिच्या चाकांना आपल्याच मातीचा चिखल.