पीटर टेरिन आणि 'दे बेवाकर'

पीटर टेरिन (जन्म १९६८) : बेल्जियमच्या उत्तरेकडील फ्लँडर्स प्रदेशातले, डच भाषेत लिहिणारे कादंबरीकार. 'दे बेवाकर' (पहारेकरी) ही त्यांची कादंबरी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१० मध्ये तिला युरोपीय संघाचा साहित्य पुरस्कार मिळाला. हॅरी आणि मिशेल हे दोन सशस्त्र पहारेकरी श्रीमंतांच्या एका उत्तुंग इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळावर राहतात आणि तेथूनच प्रवेशद्वार राखतात. बहुतेक रहिवासी निघून जातात, रसद अनियमित होते. बाहेर युद्ध झाले की आणखी काही, हे त्यांना कळत नाही आणि लेखकही सांगत नाही. कर्तव्यनिष्ठेच्या बक्षिसाची, म्हणजे बढतीची आशा मात्र सुटत नाही. माहितीच्या अभावी प्रत्येक आवाज, प्रत्येक उशीर त्यांना संकेत वाटू लागतो. अखेरीस तिसरा पहारेकरी येतो, तेव्हा तोच संशयाचे लक्ष्य ठरतो. भीतीला बाहेरचा शत्रू लागत नाही, एकांत आणि आज्ञापालन पुरेसे असते, हे या कथेचे सूत्र. छोटी प्रकरणे आणि कोरडे, नेमके निवेदन यांमुळे वाचकही त्या तळघरात कोंडला जातो. टेरिन यांच्या 'पोस्ट मॉर्टेम' या कादंबरीला २०१२ मध्ये आको साहित्य पुरस्कार मिळाला.