गाठीवरचे दोन आणे आणि ओटीतला कापूस

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास लिहिताना व्यापारी येतात, गिरणीमालक येतात, मँचेस्टर तर येतेच. कापूस वेचणारी बाई येत नाही. आम्ही मलकापूरची माणसे हा इतिहास तिच्या ओटीपासून वाचायला सुरुवात करतो.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला ही गावे मुंबई बंदराला जोडली गेली. पुढे प्रश्न आला वाणाचा. इथला शेतकरी रोझियम लावी. धागा आखूड आणि जाड, पण रुईचा उतारा चांगला. गिरण्यांना हवा होता लांब धागा. संशोधन कोणाच्या गरजेसाठी झाले, हे इथेच कळते.

१९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी नेमली गेली आणि १९२३ च्या कापूस उपकर कायद्याने तिला पैसा मिळाला. ४०० पौंडांच्या गाठीवर सुरुवातीला चार आणे, नंतर दोन आणे. यातूनच माटुंग्याची प्रयोगशाळा आणि इंदूरची वनस्पती संशोधन संस्था उभी राहिली. उपकर भरायचा गिरणीने किंवा निर्यातदाराने. पण व्यापारी असा खर्च स्वतःच्या खिशातून करतो, असे मलकापूरच्या बाजारात कोणी म्हटले तर लोक हसतील. तो भावातून वसूल होतो. भाव पडला की मजुरीही पडते.

त्या कमिटीत व्यापारी होते, गिरणीमालक होते, कृषी खात्याचे अधिकारी होते, सरकारने नेमलेले शेतकरीही होते. मजुराला जागाच नव्हती. त्यामुळे धागा किती लांब, उतारा किती टक्के हे मोजले गेले. वेचताना बोटे किती फाटतात हा संशोधनाचा विषय झाला नाही. निंदणी-वेचणी करणाऱ्यांत आमच्या आज्या होत्या, बहुतेक भूमिहीन. नवा वाण आला तरी तिला त्यातून मिळणार ते वेचणीचे पैसेच.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरच्या निबंधात दाखवले होते की, रोग तुकड्यांच्या आकारात नाही. भांडवलाचा तुटवडा आणि शेतीवर पडलेला जास्तीचा माणूसभार हे मूळ आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते आणखी पुढे गेले. जमीन राज्याची, कसणारे जातपात न पाहता सामूहिक शेतीत, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवायचे. बियाणे कोणासाठी, याचे उत्तर तिथे आहे. त्यावर चर्चा मात्र आमच्याच शिबिरांत होते. कृषी विद्यापीठांत आम्ही ती ऐकलेली नाही.

१९६६ मध्ये कॉटन कमिटी बंद झाली. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ आले, १९७६ मध्ये नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था. आता अनुदान सरकारी तिजोरीतून येते, म्हणजे साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या मजूर बाईच्याही पैशातून. दाट लागवडीचे, यंत्राने वेचता येतील असे बुटके वाण तयार करण्यावर आज काम चालू आहे. यंत्र आल्यावर तिच्या हाताला काय काम, हे अनुदानाच्या प्रस्तावात लिहिणे बंधनकारक करा, अशी आमची मागणी आहे.