रायगड किनाऱ्यावरील नौकांचे यांत्रिकीकरण आणि इंजिनाचा आवाज

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या (१९५१-५६) काळात मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणास चालना मिळाली. तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील कोळी समाजाच्या शिडाच्या होड्यांत पुढे डिझेल इंजिने आली. वारा पडला तरी बंदर गाठता येऊ लागले. या इतिहासात अश्वशक्ती व कर्जे यांची नोंद होते. इंजिनाशेजारी दिवस काढणाऱ्या खलाशाच्या श्रवणशक्तीची क्वचितच. वंगण बदलल्याने हा आवाज कितपत घटतो? तेल तापून फार पातळ झाले की बेअरिंग व व्हॉल्व्ह खडखडतात. उष्णतेतही दाटपणा अधिक टिकवणारे सिंथेटिक तेल ही खडखड काहीशी कमी करते. सिलिंडरमधील ज्वलनाचा ठोका मात्र तेलाने शमत नाही. त्यासाठी सायलेन्सर व इंजिनाची बैठकच सुधारावी लागते.