जुनी स्कूल बस नेमक्या कोणत्या वर्षात परत न्यायची?

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या गावात, शेताच्या कडेला कित्येक वर्षं उभी असलेली जुनी स्कूल बस तुम्ही विकत घेतलीत. पिवळा रंग विटलाय, टायर बसलेत, सीटमधला स्पंज बाहेर आलाय. तुमचा बेत सरळ आहे: बस घरी आणायची, घासायची, रंगवायची आणि पुन्हा पहिल्यासारखी करायची. या बेतात एकच शब्द फसवा आहे, 'पहिल्यासारखी'. पहिली म्हणजे कधीची?

तुम्ही संशोधनाची तयारी करताय, मग बस दुरुस्तीची गोष्ट तुम्हाला कशाला, असं वाटेल. पण पुरावा म्हणजे काय, तो कसा वाचायचा आणि आपल्याच हातून तो कसा नष्ट होतो, हे मला कुठल्याही मेथडॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा या बसगाड्यांच्या इतिहासातून जास्त नीट समजलं. म्हणून आज हा विषय.

पिवळा रंग आला कुठून?

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या खेड्यांतली मुलं मिळेल त्या वाहनाने शाळेत जात. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधले प्राध्यापक फ्रँक सायर यांनी १९३७ मध्ये दहा राज्यांत याची पाहणी केली. कुठे ट्रक, कुठे बस, तर एका ठिकाणी चक्क घोडे जोडलेली गव्हाची गाडी. रंगाचंही तसंच, ज्याला जो आवडेल तो.

मग एप्रिल १९३९ मध्ये सायर यांनी न्यूयॉर्कला परिषद बोलावली. रॉकफेलरांच्या निधीतून ५,००० डॉलरचं अनुदान मिळालं होतं. तेव्हाच्या ४८ राज्यांचे प्रतिनिधी, बस बांधणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर आणि रंग बनवणारे तज्ज्ञ सात दिवस बसले आणि त्यांनी ४४ मानकं ठरवली. रंगासाठी भिंतीवर लिंबू पिवळ्यापासून गडद केशरी-लालपर्यंत ५० छटांच्या पट्ट्या टांगल्या होत्या. त्यातली एक केशरीकडे झुकणारी पिवळी छटा निवडली गेली. कारण साधं होतं: पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्या रंगावरची काळी अक्षरं सगळ्यात स्पष्ट दिसतात.

त्या रंगाचं नाव 'नॅशनल स्कूल बस क्रोम'. यातलं 'क्रोम' लेड क्रोमेटवरून आलंय, म्हणजे शिसं आणि क्रोमियम असलेलं पिवळं रंगद्रव्य. पुढे शिसं काढून टाकलं आणि नाव झालं 'नॅशनल स्कूल बस ग्लॉसी यलो'.

इथे पहिला धडा. मानक ठरलं १९३९ मध्ये, पण सगळ्या राज्यांनी तो रंग स्वीकारेपर्यंत १९७४ उजाडलं. म्हणजे तुमची बस १९४५ ची असेल, तर ती पिवळीच होती असं गृहीत धरता येत नाही. नियमाचं वर्ष वेगळं आणि अंमलबजावणीचं वर्ष वेगळं. कायदा, परिपत्रक, शैक्षणिक धोरण यांवर काम करणाऱ्यांनी हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावं.

एका बसच्या दोन जन्मतारखा

आता खरेदी. विकणारा सांगतो, "ही १९५१ ची आहे." कशावरून? तर कागदावर तसं लिहिलंय. पण त्या काळातली बहुतेक अमेरिकन स्कूल बस दोन कारखान्यांत तयार व्हायची. इंजिनसह चॅसी इंटरनॅशनल हार्वेस्टर, फोर्ड किंवा शेवरले यांच्याकडून यायची आणि त्यावर बॉडी चढवायची ब्लू बर्ड, वेन, सुपीरियर, थॉमस अशा कंपन्यांपैकी कुणीतरी. त्यामुळे गाडीवर दोन पट्ट्या असतात, एक चॅसीची आणि एक बॉडीची. दोन्हींवरची वर्षं जुळतीलच असं नाही. नोंदणीच्या कागदावर तिसरंच वर्ष असू शकतं. यातलं खोटं कुणीच बोलत नाही, प्रत्येक पट्टी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते.

पट्ट्या गंजून गेल्या असतील तर सीट बघा. १ एप्रिल १९७७ पासून अमेरिकेत स्कूल बसचे नवे संघीय सुरक्षा नियम लागू झाले. मुलं धडकली तरी समोरच्या सीटच्या पाठीनेच झेलली जावीत, म्हणून उंच, गादी लावलेल्या आणि जवळजवळ बसवलेल्या सीट सक्तीच्या झाल्या. त्यामुळे बुटक्या पाठीच्या, वर उघडी लोखंडी नळी असलेल्या सीट दिसल्या, तर बहुधा बस त्याआधीची. 'बहुधा' म्हणतेय, कारण सीट बदलताही येतात. एका खुणेवर तारीख ठरवायची नाही, दोन-तीन स्वतंत्र खुणा जुळल्या पाहिजेत.

घरी आणताना

विकत घेतल्या घेतल्या चावी फिरवून निघायचा मोह होतो. इथे उतावळेपणा जिवावर बेतू शकतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल चिकट झालेलं असतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आतले सिलिंडर गंजतात आणि पहिल्याच उतारावर पेडल खाली जातं. टायर वरून चांगला दिसला तरी त्याच्या बाजूवरचा आकडा वाचा. २००० पासूनच्या टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर टायर त्याहून जुना, त्यावर हायवेला जायचं नाही. शिवाय या गाड्यांचे गिअर थांबत-थांबत मुलं गोळा करण्यासाठी लावलेले असतात, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर त्या संथच चालतात. ब्रेक, टायर, इंधन यांची खात्री नसेल तर सरळ ट्रेलरवर घालून आणायची.

निघण्याआधी अजून एक गोष्ट. अनेक राज्यांत स्कूल बस खासगी माणसाने घेतली की 'स्कूल बस' ही अक्षरं झाकावी लागतात, लाल लुकलुकणारे दिवे बंद करावे लागतात, काही ठिकाणी रंगही बदलावा लागतो. इतर गाडीवाल्यांची फसगत होऊ नये म्हणून हा नियम योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की पुराव्याचा एक थर कायद्यानेच पुसायला सांगितलाय. मग आधी काय करायचं? फोटो. चारही बाजू, आतून, छतावरून, खालून, मोजपट्टी शेजारी ठेवून.

पॉलिश पेपर लावण्याआधी

आता घासणं. जुन्या पिवळ्या रंगात शिसं आणि क्रोमियम आहे हे वर आलंच. कोरडं घासलं की दोन्ही धुळीतून फुप्फुसात जातात, आणि लेड क्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगकारक प्रकारचं असतं. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. तेव्हा साधा रुमाल बांधून भागत नाही.

पण मला दुसऱ्या नुकसानाबद्दल बोलायचंय. रंगाचे थर म्हणजे त्या बसची कागदपत्रंच. संग्रहालयातले जाणकार एखाद्या आडबाजूला नाण्याएवढी जागा हळूहळू घासून एकेक थर उघडा करतात, झाडाच्या बुंध्यातली वलयं दिसावीत तसे थर दिसतात. किंवा रंगाचा टिचभर तुकडा राळेत बसवून, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शिसं कोणत्या थरापर्यंत आहे आणि कुठून नाही, हे तपासता येतं. कोणत्या शाळेचं नाव कोणत्या नावावर रंगवलंय, तेही कळतं. सगळी बस एका शनिवार-रविवारी मशीनने साफ केली, की ही कागदपत्रं धूळ होऊन उडाली. ती परत मिळवायचा उपाय नाही.

फर्दर: चार काळ, एक बस

हा प्रश्न किती अवघड होऊ शकतो याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे लेखक केन केसी यांची बस. १९६४ मध्ये त्यांनी १९३९ च्या बनावटीची इंटरनॅशनल हार्वेस्टर स्कूल बस विकत घेतली. योगायोग बघा, बस पिवळ्या रंगाच्या परिषदेच्याच वर्षातली. आधीच्या मालकाने तिच्यात झोपायचे बाक आणि स्वयंपाकघर करून घेतलं होतं. केसी आणि मित्रमंडळींनी छतावर कठडा केला, लाऊडस्पीकर लावले, भडक रंगांनी ती आतून-बाहेरून रंगवली आणि जून १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला निघाले. चालवायला नील कॅसडी. पुढे कुठे जायचं ते लिहितात त्या पाटीवर 'फर्दर', म्हणजे 'आणखी पुढे', आणि सुरुवातीला त्याचं स्पेलिंगही चुकलेलं. टॉम वुल्फ यांच्या १९६८ च्या पुस्तकामुळे ही बस त्या पिढीची खूण बनली.

नंतर ती ओरेगनमधल्या केसींच्या शेतावर पडून राहिली, शेवटी दलदलीत. गंज चढला, शेवाळ आलं. स्मिथसोनियन संग्रहालयाला मूळ बस हवी होती, केसींनी दिली नाही. १९९० मध्ये त्यांनी १९४७ ची दुसरी बस तशीच रंगवून हीच ती बस म्हणून खपवायचा खोडकरपणा केला, पण संग्रहालय फसलं नाही. २००१ मध्ये केसी गेले आणि २००५ मध्ये मूळ बस दलदलीतून ओढून काढली गेली.

आता तुम्ही सांगा, ही बस 'पहिल्यासारखी' करायची म्हणजे काय? १९३९ ची शाळेची बस? एका कुटुंबाची फिरती खोली? १९६४ ची रंगीत बस? पण तिच्यावर तर पुन्हा-पुन्हा रंग चढले, त्यातला कोणता दिवस धरायचा? प्रवासात त्यांनी भरपूर चित्रीकरण केलं होतं, त्यातून २०११ मध्ये माहितीपटही निघाला, म्हणजे पुरावा आहे. पण कॅमेऱ्याने न टिपलेल्या कोपऱ्यात आपण जो रंग भरू तो आपला असेल, त्यांचा नव्हे. आणि मालकाने तिला मुद्दाम दलदलीत सडू दिलं, हासुद्धा इतिहासच नाही का?

गंमत म्हणजे याच १९६४ च्या मे महिन्यात वास्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञांनी व्हेनिसमध्ये एक सनद मांडली. तिच्यातलं एक तत्त्व असं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तत्त्व इमारतींसाठी आहे, पण फर्दरला तंतोतंत लागू पडतं.

२८५७: जिथे तारीख ठरलेली होती

याच्या उलट उदाहरण शाळेच्या बसचं नाही, शहर बसचं आहे, पण खरेदी आणि दुरुस्तीचा प्रश्न तोच. १ डिसेंबर १९५५ ला अलाबामातल्या माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी ज्या बसमध्ये जागा सोडायला नकार दिला, ती १९४८ ची जनरल मोटर्सची बस. सेवेतून काढल्यावर एका गृहस्थांनी ती विकत घेतली. शेतात ती लाकूड आणि अवजारं ठेवायची खोली झाली. हीच ती बस, असं कंपनीतल्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं. पण हा झाला तोंडी पुरावा.

कागद सापडला तो अनपेक्षित जागी. माँटगोमेरीच्या बस स्टेशनच्या मॅनेजरने बहिष्काराच्या बातम्यांची कात्रणं वहीत चिकटवली होती आणि एका बातमीशेजारी हाताने बसचा क्रमांक लिहिला होता: २८५७. हस्ताक्षर आणि कागद तज्ज्ञांकडून तपासले गेले. २००१ मध्ये लिलावात डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती बस ४,९२,००० डॉलरला घेतली आणि तीन लाखांहून जास्त डॉलर खर्चून तिचा जीर्णोद्धार केला. कोणत्या वर्षापर्यंत? १९५५ पर्यंत. म्हणजे कारखान्यातून निघालेली कोरी नव्हे, तर सात वर्षं वापरलेली. शेतातली तीस वर्षं पुसली गेली, पण ती का पुसायची हे आधी ठरलं होतं, कारण या बसला विचारायचा प्रश्न एकाच संध्याकाळबद्दल होता.

दोन बसमधला फरक पैशाचा किंवा गंजाचा नाही. एका ठिकाणी प्रश्न पक्का होता, म्हणून काय ठेवायचं ते ठरवता आलं. दुसऱ्या ठिकाणी प्रश्नच चार आहेत, आणि एकाचं उत्तर देताना उरलेल्या तिघांचा पुरावा जातो.

तुमच्या कामात हे कुठे येतं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक घोळ घातला होता. मोजणीच्या फाईलमधले 'वेडेवाकडे' आकडे काढून टाकले आणि फाईल त्याच नावाने सेव्ह केली. आलेख मस्त सरळ आला. चार महिन्यांनी कळलं की ते आकडे यंत्राची चूक नव्हती, सॅम्पल ओलं राहिल्याची खूण होती. मूळ फाईल कुठेच नव्हती. तीन आठवड्यांचं काम पुन्हा केलं. मी शनिवार-रविवारी बस घासून टाकली होती, एवढंच.

म्हणून तीन सवयी आत्तापासून लावून घ्या. मूळ डेटाला हात लावायचा नाही, काम नेहमी प्रतीवर. काढून टाकाल त्या प्रत्येक गोष्टीची नोंद तारखेसह आणि कारणासह. आणि साफसफाईच्या आधी एका वाक्यात लिहायचं की आपला प्रश्न काय आहे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर पॉलिश पेपर हातात घ्यायची वेळ अजून आलेली नाही. बस अजून थोडे दिवस शेडमध्ये उभी राहिली तर काही बिघडत नाही. फक्त छप्पर गळत नाही ना, तेवढं बघा.