सव्वा महिना आणि डोक्यावरची पाटी

‘अंग बाहेर येणं’, म्हणजे गर्भपिशवी जागेवरून खाली उतरणं, हे दुखणं फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेतल्या वीस योनिव्यापदांत ‘प्रस्रंसिनी’, म्हणजे जागेवरून घसरणारी, हे नावच आहे. आपल्याकडे ते बाईच्या नशिबाचा भोग मानलं गेलं. आता जनुकशास्त्रही त्याच बाजूने साक्ष देतं, असं कुणी म्हणेल. जुळ्या बहिणींच्या 2008 सालच्या एका स्वीडिश अभ्यासात या विकाराच्या शक्यतेतला सुमारे 40 टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. गर्भपिशवीला तोलून धरणाऱ्या ऊतींचा चिवटपणा पिढीतून पुढे येतो, हे खरंच आहे. पण उरलेल्या वाट्याचा हिशेब रक्तात सापडत नाही. तो गावाच्या इतिहासात मांडावा लागतो.

उदाहरणार्थ, मराठवाड्यातल्या सेनगावचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बालविवाहाला आळा घालणारा 1929 चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानावर तो बंधनकारक नव्हता. कोवळ्या वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणं आणि अडलेल्या बाईला सुईणीखेरीज आधार नाही, अशी त्या काळच्या खेड्याची रीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सर्वांत जास्त ताणले जातात ते बाळंतपणातच. तिकडे मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी तरुण स्त्रियांची पिशवी न काढता ती वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया घडवल्या. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघालं ते 1956 साली. म्हणजे इलाज मराठी मुलखातच होता, फक्त सेनगावच्या वाटेवर नव्हता. घरचा इलाज होता बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्याच्या विसाव्याचा; पण जिचं हातावर पोट, तिला तो कसा परवडावा? 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या.

यावर आक्षेप येईल, की ओझं न उचलणाऱ्या शहरी बाईचंही अंग बाहेर येतं आणि आठ बाळंतपणं झालेली एखादी ठणठणीत राहते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जड ओझ्याचा पुरावा बाळंतपणाच्या पुराव्याइतका भक्कम नाही, हेही मान्य करायला हवं. पण त्याच परिस्थितीतल्या दोघींपैकी कुणाला त्रास होईल, एवढंच अंगची घडण सांगते. गावात अशा बाया किती आणि त्या किती वर्षं सोसतील, हे परिस्थिती ठरवते. शिवाय आईकडून लेकीकडे नुसती जनुकं जात नाहीत, पाटीही जाते. ‘मग पिशवीच काढून टाकावी’ हा सल्लाही तपासून घ्यावा. 2019 साली बीड जिल्ह्यात तपासलेल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. कारणं अनेक होती. पण पिशवी गेली म्हणून सैल झालेला आधार घट्ट होत नाही, नंतर योनीचा माथाही खाली उतरू शकतो. सुरुवातीला स्नायूंचे व्यायाम आणि आत बसवायची साधी रिंग पुष्कळ काम करतात. जनुकं बदलणं आपल्या हाती नाही. लग्नाचं वय, बाळंतपणांतलं अंतर आणि तो सव्वा महिना मात्र आहे.