डब्लिनचे दोन वाडे

ज्युबिलीच्या वर्षीं आपण सारे आपल्या मंदिराकडे जरा निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतों. कोणता दगड कोठून आला, कोणता जिना मागाहून बांधला, कोणत्या खोलींत आरंभीं शाळा भरत असे, या गोष्टी वडील मंडळी सांगूं लागतात. अशा वेळीं वाचकांपुढें आयर्लंडच्या राजधानींतील दोन घरांची हकीकत ठेवावी असें आम्हांस वाटलें. ज्यांच्यासाठीं घर बांधलें तीं माणसें निघून गेलीं म्हणजे त्या घराचें काय होतें, हें या दोन घरांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दिसेल. एकांत दुकानें झालीं, दुसऱ्यांत बिऱ्हाडें.

अठराव्या शतकांत आयर्लंडचें निराळें पार्लमेंट डब्लिन शहरीं भरत असे. कॅथलिकांस त्यांत बसण्याची मनाई होती. बाहेरगांवीं मोठाल्या जमिनी असलेले प्रॉटेस्टंट उमराव पार्लमेंटाच्या हंगामांत शहरीं येत, आणि तेवढ्या महिन्यांकरितां त्यांस शहरांत वाडा लागे. तिसरे व्हायकाउंट पॉवर्सकोर्ट, रिचर्ड विंगफील्ड, यांनीं १७७१ ते १७७४ या अवधींत साउथ विल्यम स्ट्रीटवर असा एक वाडा बांधविला. आराखडा रॉबर्ट मॅक नांवाच्या पाथरवटाचा. दर्शनी भाग ग्रॅनाइटचा असून मध्यभागीं छपराच्याहि वर एक चौकोनी मजला चढविला आहे व त्याच्या दोन्ही बाजूंस मोठीं दगडी वेटोळीं आहेत. रस्ता मात्र इतका अरुंद कीं हा सारा थाट मान मागें टाकूनच पाहावा लागतो! घराच्या दोन्ही अंगांस दोन सारखीं कमानदार द्वारें आहेत. त्यांतील एक मुदपाकखान्याकडे जात असे, दुसरें तबेल्याकडे. पाहुण्यांसाठीं मधल्या पायऱ्या.

या घराचें खरें वैभव आंत, जिन्यांत आहे. जिना मॅहोगनी लांकडाचा. त्याचे कोरीव कठडे इग्नेशियस मॅकडोना या कारागिराचे. जिन्याभोंवतालच्या भिंतींवरील चुन्याचें नक्षीकाम जेम्स मॅकलाचें, जुन्या वळणाचें, पानाफुलांनीं भरगच्च. वर दिवाणखान्यांत शिरलें कीं हात बदलतो. तेथील छतें मायकेल स्टेपल्टन याचीं. रेषा बारीक, वर्तुळें मोजून काढलेलीं, मधली जागा मोकळी. घर पुरें होईतों शहराची आवडच पालटली होती, आणि ती पालटल्याची खूण जिना व माडी यांच्यामध्यें राहून गेली आहे.

स्टेपल्टनचेंच काम शहरांतील बेल्व्हेडीअर हाउस या वाड्यांत आहे. तो वाडा १८४१ सालीं येशूसंघीय धर्मगुरूंनीं शाळेसाठीं घेतला. छतावरील व्हीनस देवीची आकृति मुलांच्या शाळेस शोभणारी नव्हे, म्हणून त्यांनीं ती काढविली. बाकीचें नक्षीकाम आजहि आहे. या व्यवहारांत आम्हांस दोन्ही पक्षांची बाजू समजते.

१८०० सालीं आयर्लंडच्या पार्लमेंटानें स्वतःचें विसर्जन करणारा कायदा संमत केला व १८०१च्या आरंभापासून राज्यकारभाराच्या साऱ्या मोठ्या गोष्टी लंडनला गेल्या. उमरावहि तिकडेच गेले. पॉवर्सकोर्टांचा वाडा १८०७ सालीं सरकारनें स्टांप कचेरीसाठीं विकत घेतला. फ्रान्सिस जॉन्स्टन या शिल्पज्ञानें मागील बाजूस तीन अंगांनीं कचेऱ्यांच्या इमारती बांधल्या, आणि अशा रीतीनें त्या वाड्यास आपल्याकडील वाड्यांप्रमाणें चौक मिळाला. कारकुनांनीं वेळेवर यावें व वेळेवरच जावें म्हणून घड्याळ व घंटाहि बसविली. पुढें १८३० नंतरच्या दशकांत फेरियर पोलॉक ही घाऊक कापडाची पेढी तेथें आली व शंभराहून अधिक वर्षें राहिली. ज्या दिवाणखान्यांत नाच होत, तेथें कापडाचे गठ्ठे रचले गेले. तरी जिना जागचा हलला नाहीं. व्यापाऱ्यास त्याची अडचण वाटली नसावी.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर डब्लिनमध्यें अशा घरांवर कठीण काळ आला. लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरील एका ओळीचीं सोळा घरें १९६५ सालीं कचेरीच्या नव्या इमारतीसाठीं पाडलीं गेलीं. पॉवर्सकोर्टांच्या वाड्याचें तसें झालें नाहीं. जेम्स टूमी या शिल्पज्ञानें चौकावर पारदर्शक छप्पर घातलें, सभोंवार सज्जे काढले, आणि १९८१ सालीं तेथें दुकानें व उपाहारगृहें उघडलीं. चौकांतील लांकडी सज्जे आम्हांस थोडे दाट वाटतात. परंतु मुख्य घरांत भिंती न पाडतां, खोलीच्या मापाचें दुकान बसविलें, दुकानाच्या मापाची खोली केली नाहीं, हें मोठेंच म्हटलें पाहिजे. आतां कोणीहि गिऱ्हाईक उमरावांच्या जिन्यानें वर जाऊं शकतो.

दुसरें घर लिफी नदीच्या उत्तरेस, हेन्रिएटा स्ट्रीटवर, क्रमांक १४. १७४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ल्यूक गार्डिनर यानें तें बांधलें व लॉर्ड मोल्सवर्थ तेथें प्रथम राहिले. उमराव गेल्यावर तेथें वकील आले. १८५० पासून कर्जांत बुडालेल्या जमीनदारांच्या जमिनी विकणारें न्यायालय त्याच घरांत भरूं लागलें. दैवाचा हा विनोद फार कडू आहे. १८७७ सालीं टॉमस व्हान्स यानें घर घेतलें व त्यांत एकोणीस बिऱ्हाडांच्या जागा केल्या. त्यासाठीं त्यानें मुख्य जिनाच उखडून काढला. दोन मजले उंच मोकळी जागा म्हणजे भाड्याच्या हिशेबांत निव्वळ तोटा. तेथें आणखी खोल्या झाल्या. वर जावयास मागचा लहान जिना उरला. १९११च्या शिरगणतींत या एका घरांत शंभर माणसें होतीं. चाळींत वाढलेल्या वाचकांस शंभर माणसांना एक जिना म्हणजे काय, हें आम्हीं सांगावयास नको.

व्हान्स यास दोष देणें सोपें आहे. परंतु सारें शहरच तसें झालें होतें. २ सप्टेंबर १९१३ रोजीं चर्च स्ट्रीटवर अशीं दोन जुनीं घरें कोसळून सात माणसें मेलीं. त्यानंतरच्या सरकारी चौकशींत, वीस हजारांवर कुटुंबें एकेका खोलींत राहतात असें आढळलें. मोडक्या छतांवर चुन्याच्या वेली तशाच होत्या. खालीं निजणाऱ्यांस त्यांचा उपयोग नव्हता.

क्रमांक १४ मधील अखेरचीं बिऱ्हाडें १९७०च्या दशकाच्या शेवटीं गेलीं. नंतर महानगरपालिकेनें तें घर हातीं घेऊन अनेक वर्षें डागडुजी केली व २०१८ सालीं तेथें संग्रहालय उघडलें. आयर्लंडांत २००० सालापासून अंमलांत असलेल्या कायद्याप्रमाणें संरक्षित वास्तूची केवळ दर्शनी भिंत राखून भागत नाहीं. आंतील भाग, आवार व पक्क्या बसविलेल्या वस्तूहि राखाव्या लागतात. मोडलेला जिना पुन्हा बांधून उमरावांचें घर सजविण्याचा मोह तेथें झाला नाहीं. भाडेकऱ्यांच्या मागच्या जिन्याच्या भिंती खालीं गेरूसारख्या तांबड्या व वर निळ्या रंगाच्या होत्या. तो निळा रंग रेकिटच्या निळीचा, म्हणजे कपड्यांस घालतात त्याच निळीचा. ते दोन्ही रंग, माणसांच्या खांद्यांनीं घासून गेले आहेत तसेच, राखून ठेवले आहेत.