गढी म्हणजे नुसता मातीचा ढिगारा नाही

इंग्लंडमध्ये लिंकनशायर भागात बूथबी पॅग्नेल नावाचं गाव आहे. तिथं इ. स. १२०० च्या सुमारास बांधलेलं, नॉर्मन काळातल्या जमीनदाराचं दगडी घर अजून उभं आहे. खाली कमानीच्या छताचं कोठार, वर बैठकीचा दिवाणखाना, शेजारी मालकाची खोली, आणि वर जायला बाहेरून जिना. बस्स, एवढंच. तरी वास्तुकलेच्या इतिहासात त्याचं नाव आवर्जून घेतलं जातं. कारण पिकवणारा कोण आणि कोठार कोणाचं, हे ते घरच सांगतं.

आता आपल्याकडं या. मराठवाड्यातली गढी म्हणजे हेच प्रकरण. देशमुखानं परगण्याचा वसूल गोळा करायचा, देशपांड्यानं हिशेब ठेवायचा, गावात पाटील. या वतनदारांची घरं म्हणजे गढ्या. उंचवट्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, खाली दगड, कोपऱ्याला बुरूज. मोठ्या दरवाजात छोटी दिंडी, म्हणजे आत येणारा माणूस वाकूनच येणार! मग देवडी, चौक, ढाळज, सागवानी खांबांवर माळवद. धान्याला पेव, पाण्याला आड. वेढा पडला तरी आतल्यांचं भागावं, अशी सोय.

आपल्या शेजारच्या माहूरचे राजे उदाराम मोगलांचे सरदार होते. त्याच घराण्यातली रायबागन १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत कारतलबखानासोबत होती. म्हणजे ही घराणी काही कोपऱ्यात बसलेली नव्हती.

पुढं १८६० च्या दशकात सालारजंगानं जिल्हाबंदी केली. वसूल पगारी अधिकाऱ्यांकडं गेला, देशमुखांच्या हाती रुसूम उरला. १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९४९ ला जहागिरी गेल्या, १९५० ला कूळकायदा आला. वसूल आटला, तशी गढीची डागडुजीही थांबली. मातीच्या भिंतीचं असं असतं, की दरसाल लिंपलं तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. चार पावसाळे सोडलं की बसलीच. वरून लोक घरावर टाकायला पांढरी माती नेतात आणि नक्षीचे खांब, दरवाजे विकले जातात.

काही जण म्हणतील, पडू द्या की! सरंजामशाहीची खूण, वेठबिगारीवर उभी राहिलेली. मला तर वाटतं, म्हणूनच नोंद पाहिजे. भिंत रचणाऱ्याचं, माती वाहणाऱ्या बाईचं नाव कुठल्या सनदेत नसतं. त्यांच्या हातची खूण फक्त त्या भिंतीत आहे.

आणि किनवटचं दुखणं वेगळंच. १९५६ पर्यंत आपला तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. जुने कागद त्या जिल्ह्याच्या नावाखाली, तेही उर्दूत. आपल्या पोरांना ते कुठून वाचता येणार? पण भिंत वाचायला भाषा लागत नाही.

सगळ्या गढ्या सरकारनं सांभाळाव्यात, असं माझं म्हणणं नाही. बहुतेक खासगी मालकीच्या, वाटण्यांत अडकलेल्या. पण टेप घेऊन मोजमाप करणं, चारही बाजूंनी फोटो काढणं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून "इथं काय होतं" ते वहीत उतरवणं, याला कुठली मंजुरी लागते? मालकाला विचारा, शाळेची पोरं सोबत घ्या. एका रविवारचं काम आहे.

तुमच्या गावात गढी असेल तर गावाचं नाव आणि आज काय शिल्लक आहे, ते खाली लिहा. जेसीबी यायच्या आधी यादी तरी होऊ द्या.